शेवटच्या पानाचा लेखनिक

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मला माणसं दिसायची, अक्षरं नाही. म्हणून पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी तोंडी सांगायचे आणि वहिनी टाइप करायच्या. दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दादाच्या शेजारच्या खोलीत बसायचो. मधलं दार उघडं ठेवायचं, कारण दादा आता अंथरुणातून उठत नव्हता.

विषय जुनाच. बायबलमधलं, प्रेषिताच्या नावावरचं एक पत्र. त्याचं शेवटचं पान प्रेषिताचं नाही, हे सिद्ध करता करता माझे केस पांढरे झाले. त्या काळी पत्रं बरेचदा तोंडी सांगितली जात, लेखनिक लिहून घ्यायचा. माझं म्हणणं एवढंच, की सांगणारा थकून गप्प झाला आणि लेखनिक थांबला नाही.

पंचाईत अशी, की दादा जन्मभर चर्चचा पाळक. प्रत्येक दफनाला त्यानं तेच पान वाचलं होतं.

“ते पान प्रेषितानंच सांगितलंय ना गं?” तो रोज विचारायचा. “नसेल, तर कबरीपाशी उभं राहून मी लोकांना कुणाचं बोलणं ऐकवलं?”

“प्रकरण पुरं होऊ दे, मग सांगते.”

खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. कंटाळले होते मी. त्या पत्राला, या प्रश्नाला, स्वतःच्या हुशारीलासुद्धा.

एकदा वहिनींनी मजकूर वाचून दाखवला. तळटिपांच्या मध्येच एक वाक्य आलं, ‘भिऊ नकोस, मी दाराशीच आहे.’

“हे कुठून आणलंत, वहिनी?”

“तुम्हीच सांगितलंत की, वन्सं.”

“मी? अहो, मी तळटिपा सांगत होते.”

“मला काय कळतंय त्यातलं? कानावर पडतं ते मी बडवते.”

त्या दुखावल्या. मी वाक्य पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी तशीच आणखी निघाली. वय झालं, जीभ घसरत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी मनात पाल चुकचुकली.

म्हणून परवा मी मुद्दाम गप्प बसले. ओठ मिटून, हाताची घडी घालून. थोडा वेळ काहीच नाही. मग बटणांचा आवाज सुरू झाला, संथ, न अडखळता.

“जरा हळू सांगा ना,” वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात दादानं आतून हाक मारली. मी भिंत धरत गेले, त्याच्याजवळ टेकले. ठरवलं, आता सांगून टाकायचं. ते पान प्रेषिताचं नाही, दादा. कुणाचं, ते मलाही ठाऊक नाही. एवढं सांगायचं आणि त्याचा हात सोडायचा नाही. मला त्या पानापेक्षा दादा हवा होता. शब्द जुळवायला मी क्षणभर थांबले.

दादाचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो माझ्या खांद्यामागे बघत होता आणि कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवत होता.

“अस्सं,” तो म्हणाला. “म्हणजे ते सांगणारे तुम्ही होतात तर.”

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

बाहेर वहिनींचं टाइप करणं चालूच होतं.

“आजच?” दादानं विचारलं. मग म्हणाला, “बरं.”

त्यानं चष्मा काढला. हात लांब करून माझ्या पलीकडे धरला आणि सोडून दिला.

खाली नुसती फरशी होती. चष्मा पडल्याचा आवाज आला नाही.