सहा देशांत अनफिट

दुकानासमोर हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो, ही आखातातल्या अल् खुवैरची रीत. त्या संध्याकाळी नूतनच्या हाती भलताच पेला आला. दोन घोट घेतले, तोच काचेवर टकटक झाली. शेजारच्या गाडीतला तरुण उभा होता.

"मॅडम, आल्याचा माझा. तुमचा केशराचा माझ्याकडे आलाय."

"मी उष्टा केलाय."

"चालेल… मीही केलाय."

तो सलील, मालवणचा, रुसैलच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. नूतन सीबला आईवडील आणि धाकटी बहीण रेवा यांच्याबरोबर राहायची आणि वकिलांच्या ऑफिसात आखाती देशांच्या सामायिक कायद्यांचं भाषांतर करायची. जकातीचा नियम एक, ट्रेडमार्कचा एक… सहा देश असे एका कायद्याखाली येताना पाहून तिला घर उभं राहिल्यासारखा आनंद व्हायचा.

"बरंच की," सीबच्या किनाऱ्यावर तो चिडवायचा. "इथून काढलं तर दुबई गाठीन. दर शुक्रवारी भेटायला येईन."

"आणि मी नाही भेटले तर?"

"सहा देशांत तक्रार करीन गो."

वाऱ्यावर उडणारं तिच्या ओढणीचं टोक तो धरायचा… आणि सोडायचं विसरायचा. दिवाळीत तिला रीतसर मागणी घालणार होता.

त्याआधी सलीलच्या व्हिसाची वैद्यकीय तपासणी आली. त्याला लहानपणी क्षय झाला होता, केव्हाच बरा झालेला. पण एक्स-रेत फुप्फुसावरचा व्रण दिसला. शेरा पडला – अनफिट. परत जा.

"दुबई आहे ना," गाडीत बसल्यावर सलील म्हणाला. "दोहा आहे. तुझ्या कायद्यात कुठेतरी फट असेल…"

नूतनला कलम पाठ होतं. एका देशात जो अनफिट, तो सहाही देशांत अनफिट. हा नियम तिनेच भाषांतरित केला होता, आणि वाक्य छान जमलं म्हणून खूषही झाली होती.

"नाही रे. कुठेच नाही."

"खोटं तरी बोलायचंस."

"चार दिवस आशेवर राहिला असतास. मग?"

"चार दिवस तरी राहिलो असतो."

"मी मालवणला येते."

"आणि घर? बाबांची नोकरी गेल्यापासून तुझ्याच पगारावर चाललंय. रेवाची शाळा आहे…" तो थांबला. "मी आता विचारणारच नाही तुला."

"नको विचारूस. उत्तर तेवढं घेऊन जा… हो."

समोर होड्या किनाऱ्याला लागत होत्या. त्याला साधा खोकलाही येत नव्हता.

"बॅग भरायला येऊ?"

"नको," दार उघडत तो म्हणाला. "मग भरून होणार नाही."