अंगठा हलला

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझा डावा हात आइस्क्रीमच्या डब्यात अडकला होता. डब्यात आइस्क्रीम नव्हतं, प्लास्टर होतं. शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला एकच आकार वेगवेगळ्या साहित्यात करून दाखवायचा असतो. मी म्हटलं, आपलाच हात घेऊ, कोणाच्या विनवण्या नकोत! प्लास्टर कालवलं, हात घातला. आधी व्हॅसलीन लावायचं असतं हे आठवलं तेव्हा ते घट्ट झालं होतं. वर तापायलाही लागलं होतं.

आमचा वर्ग परळला. मागच्याच गल्लीत कृत्रिम पाय बनवणारी एक छोटी कार्यशाळा आहे. मैत्रीण अनुजा मला ओढतच तिथं घेऊन गेली.

"काका, लवकर या!" ती दारातूनच ओरडली.

आतून आला तो काका नव्हता. असेल पंचविशीचा. कोपरापर्यंत प्लास्टरचे शिंतोडे, आणि हसू दाबता दाबता बेजार झालेला.

"भाजतंय?"

"मग काय, गुदगुल्या होतायत?"

"बसा. हात हलवू नका."

त्यानं करवत सुरू केली आणि मी किंचाळले. त्यानं शांतपणे पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. "बघा, नुसतं थरथरतं. रोज वापरतो मी."

पाच मिनिटांत हात सुटला. लालबुंद, आणि लव पार गेलेली.

"वॅक्सिंग फुकटात झालं," तो म्हणाला. मला इतका राग आला... की दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. आभार मानायला, दुसरं काय!

राजरत्न त्याचं नाव. डिलाईल रोडचा. आभार झाले, मग प्लास्टरची पट्टी मागायला गेले, मग ती कशी भिजवायची ते विचारायला. दर खेपेला मी माझा एकेक हात घेऊन जायचे. शाडूचा वाळताना तडकला आणि करंगळी गेली. सिमेंटचा इतका जड झाला की अनुजानं उचलायला नकार दिला. कागदाच्या लगद्याचा हात त्यानं नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं.

"यात मेथीची पूड घाल गं. माझी आजी सुपं लिंपायची ना, ती घालायची. कीड नाही लागत."

तो 'गं' मी घरी ठाकूरद्वारपर्यंत जपून नेला.

पण खात्री कशी करायची? तो सगळ्यांशीच गोड. पायाचं माप द्यायला आलेल्या सत्तरीच्या सुंदराबाईंनासुद्धा "आज साडी झकास हां" म्हणणारा. मीही त्यातलीच एक असले तर? शनिवारी सगळे हात जमा करायचे होते. त्यानंतर त्या गल्लीत जायला माझ्याकडे काही कारणच उरणार नव्हतं.

म्हणून शेवटचा प्रयोग मी दोन हातांचा ठरवला. एकमेकांत धरलेले. दाताचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती पावडर पाण्यात कालवायची, हात आत धरून ठेवायचे, घट्ट झाली की अलगद काढायचे. आत उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं.

"दुसरा हात कोणाचा?" त्यानं विचारलं.

"अनुजाचा घेणार होते, पण... तिची नखं वाढलीयत."

अनुजा नखं खाते. हे त्याला ठाऊक नव्हतं, बरं झालं.

बादलीत त्यानं माझा हात धरला. गार, गिळगिळीत मिश्रण, आणि त्यात त्याचा ऊबदार तळवा. दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. त्यावर वाचण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात साचा फोडला. माझा हात सुरेख उतरला होता, रेघ न् रेघ. त्याचा अंगठा मात्र दुहेरी आला होता, एकावर एक चढलेला.

"मॉडेल हललंय, पूर्वी," तांडेल सर म्हणाले. "नव्यानं कर. हा मी मार्कांना धरणार नाही."

मी तो हात घेऊन तरातरा गल्लीत शिरले.

"दिवसभर लोकांना हलू नका सांगतोस ना? मग हे काय?"

त्यानं प्लास्टरकडे पाहिलं. कान लाल झाले.

"हललो नाही. आवळला जरा..."

"का?"

"पावडर घट्ट व्हायला आली होती. म्हटलं, आता झालं की तू हात काढणार, आणि शनिवारनंतर येणारही नाहीस." तो खाली बघत होता. "चल, पुन्हा करू. या वेळी नाही हलणार, शप्पथ."

"नको. मी हाच देणार."

"सर नापास करतील."

"करू देत. पुढच्या वर्षी परत करीन. हा सोडून मी दुसरा देणार नाही." मी थांबले नाही. "मला तू आवडतोस, राजरत्न. कधीपासून... सांगायचं कसं तेच कळत नव्हतं."

त्यानं हातावरचं ओलं प्लास्टर कोटाला पुसलं. नीट, एकेक बोट. मग हात पुढे केला, आणि मी धरला. या वेळी कोणी कॅलेंडरकडे बघितलं नाही.

"किती वेळ धरायचा?" त्यानं हळूच विचारलं.

"मला काही घाई नाही," मी म्हटलं.