बोरीचं कुंपण

जेवणं उरकल्यावर थोंगदीकाकांनी दोन्ही पुतण्यांना चुलीपाशी बसवून घेतलं. थोरल्याची बायको भरल्या दिवसांची होती.

"विरोट माझा शेजारी, खोटं नाही सांगत," काका म्हणाले. "नदीत दिवे सोडायच्या पुनवेनंतरचा गुरुवार. त्याची लमदुआन बाळंत होऊन तिसरा दिवस..."

घर लाकडी, उंच खांबांवर, खाली मोकळी जागा. सासूनं विरोटला सकाळीच बजावलं होतं, "जावईबापू, बोरीच्या फांद्या आणा अन् घराखाली खांबांभोवती लावा. पण दिवस बुडायच्या आत हं!"

बाळंतिणीच्या वासावर एक भुतीण येते. नुसतं मुंडकं, खाली लोंबती आतडी अन् हिरवट उजेड. काट्यात आतडी अडकतात म्हणून बोरीला तेवढी भिते.

फांद्या तोडून विरोट निघाला, पण वाटेत कोंबड्यांची झुंज बघत रमला. घरी आला तेव्हा सात वाजून गेले होते. सासू करवादली. तो हसला, "भूत काय घड्याळ बघून येतं, आई?" बॅटरीच्या उजेडात त्यानं चारी बाजूंनी काटे लावले. बोटभर फट ठेवली नाही.

साडेअकराला रडतं बाळ गप्प झालं. एकदम.

टक्... टक्...

खालून. बाळाच्याच पाठीखालच्या फळीवर.

विरोटनं फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. हिरवा उजेड. कुंपणाच्या आत.

"मेल्या..." सासू कुजबुजली. "ती आधीच येऊन बसली होती. तू कोंडलंस तिला."

उजेड काट्यांवर आपटायचा. मागं यायचा. पुन्हा फळीखाली.

टक्... टक्...

लमदुआननं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "अहो, वाट द्या तिला. माझं लेकरू..."

विरोट शिडी उतरला. पायरीजवळची एक फांदी त्यानं ओढून बाजूला टाकली अन् मागं न बघता वर धावला.

टकटक थांबली.

बाळानं टाहो फोडला. विरोट अन् सासूनं हात जोडले.

"गेली म्हणजे," थोरला पुतण्या कसनुसं हसत म्हणाला. "सुटली बिचारी."

काकांनी काटकीनं निखारे उकरले.

"उजाडल्यावर विरोट खाली गेला. काट्यांवर रक्त होतं, आतल्या बाजूनं. अन् त्यानं काढून टाकलेली फांदी..."

"काय झालं तिचं?"

"परत जागेवर होती. आतून ओढून घेतलेली. ती बाहेर गेलीच नव्हती."