खोडलेलं की रंगवलेलं?

"हे अकलेचे तारे कुणी तोडलेत?"

लिफ्टमधून चुकून एक मजला आधीच उतरलेली वेलांटी दारातच थबकली होती. समोरच्या पडद्यावर गोष्ट तिचीच, तिनेच तपासून दिलेली... आणि शब्दाशब्दाला तारे चिकटलेले.

खुर्चीतला तो दचकून वळला. "मीच तोडलेत. दोन ताऱ्यांमधला शब्द ठळक दिसायला हवा. पण ॲप अजून ऐकत नाही."

"रागवा मग त्याला."

"तुम्ही रागावून बघा – तुमचं ऐकेल."

ती हसली, आणि देवाने तिथेच गाठ मारून ठेवली म्हणायची. वाचनाच्या त्या ॲपसाठी गोष्टी तपासायचं काम तिचं. ऱ्हस्वदीर्घावर तिचा असा डोळा, की ऑफिसभर नावच पडलं होतं वेलांटी. आणि त्या गोष्टी मोबाइलवर नीट दिसाव्यात, हे काम त्याचं. ती त्याला 'तारेवाले' म्हणू लागली. मग 'अहो' गळून 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. चहा निवून जायचा, पण खुणांची चर्चा काही संपायची नाही. तारे म्हणजे ठळक, खालच्या रेघा म्हणजे तिरकं, आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना छोटीशी लाट काढली की तो खोडलेला.

"खोडायला लाट का रे?"

"वाळूत लिहिलेलं लाटच पुसते ना."

असं तो सहज बोलून जायचा, आणि ही दिवसभर त्या लाटेत.

पण मनातलं काही बोलेल तर शपथ. इकडे ऑफिसच्या मोठ्या बाईंनी तिला दूरच्या शहरातल्या नव्या ऑफिसात जागा देऊ केली. संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. आत्या फोनवर म्हणाली, "जायचं तर जा बाई, राहायचं तर राहा. पण का, ते तरी कळू दे." का, ते तिला चांगलं कळत होतं. आत्याला सांगावं असा एक शब्द मात्र तारेवाल्याकडून अजून यायचा होता.

दुपारी मोबाइल वाजला. त्याने ॲपमधल्या चॅटवर ओळ पाठवली होती. 'मला तू आवडतेस.' आणि 'आवडतेस'वरून सरळ आडवी रेघ.

तिने मोबाइल जवळ धरला, लांब धरला. रेघ होतीच. म्हणजे आवडत होते, आता नाही? की लिहून घाबरला? खोडायचंच होतं तर पाठवलं कशाला... आणि पाठवायचं होतं तर खोडलं कशाला? चूक शोधावी तर वाक्य शुद्ध. आता सांगा, या वाक्यावर रडायचं की हसायचं?

शेवटी तिने त्याच्याच भाषेत उत्तर धाडलं. 'मी जाते' – आणि 'जाते'च्या दोन्ही बाजूंना लाटा. जाणंच खोडलं, म्हणजे राहणं. शहाण्याला समजेल.

शहाणा जिना चढून धापा टाकत आला. चेहरा उतरलेला.

"जातेस? आणि वर एवढं रंगवून सांगतेस?"

"रंगवून? खोडलंय मी. आधी तूच खोडलंस."

"मी?"

त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर 'जाते' पिवळ्याधमक पट्ट्यात झळकत होतं. तिने आपला मोबाइल शेजारी धरला. बघता बघता दोघांची डोकी एकमेकांना लागली... आणि कुणीच मागे घेतलं नाही.

"तुझं ॲप जुनंच राहिलंय," तो हळूच म्हणाला. "सकाळी मी लाटेचा अर्थ बदलला. आता लाट म्हणजे रंगवणं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. पण आधी ती ओळ पाठवायची घाई झाली."

"मग आता मी काय वाचू?"

"खुणा सोडून वाच."

"मी नाही वाचणार. तू सांग. तारे नकोत, लाटा नकोत. साध्या अक्षरांत."

त्याने घसा खाकरला. कान लाल झाले. "तू मला... आवडतेस."

"क्रम बदललास. मघाशी 'मला तू' होतं."

"बरोबर कुठलं?"

"दोन्ही," वेलांटी म्हणाली, आणि मोठ्या बाईंना नाही सांगायला निघाली.

मागून आवाज आला, "ठळक सांग गं..."