उशिरा पोचणारा ब्रेक

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. रात्रपाळी संपवून खुशाल रामटेके सकाळी कॉलनीच्या फाटकाशी उतरला, तेव्हा चौकीदार डोमाने हाक मारून त्याच्या हातात एक खोका दिला.

"जय भीम, खुशालभाऊ. पुण्याहून आलं. विक्कीनं पाठवलं दिसते."

खोका हलका होता, पण खुशालला तोही जड वाटला. सत्तावीस वर्षं तो भद्रावतीच्या पलीकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवत होता. खाणीचं तोंड पुढे सरकत गेलं तशी माणसं नव्या कॉलनीत गेली. त्याच्या ओळीतल्या चौदा क्वार्टरांपैकी तीनच आता वापरात होते. बायको कांता नागपूरला लेकीकडे गेलेली. रोशनीला दिवस गेले होते आणि डॉक्टरनं तिला पलंगावरून उतरायची मनाई केली होती. घरात खुशाल, कूलर आणि भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब, एवढेच.

खुशालचं दुखणं साधंच होतं, त्याला झोप येत नव्हती. रात्रभर गाडी चालवून तो दुपारी पडद्याआड आडवा व्हायचा, आणि डोळे मिटले की तीच तीन किलोमीटरची चढण समोर यायची. खाली भरायचं, वर ओतायचं, परत खाली.

खोक्यात बोटाएवढी एक काडी आणि बटणांचं एक हँडल निघालं. विक्कीने, त्याच्या मुलाने, फोनवरून काडी टीव्हीच्या मागे लावायला सांगितली.

"आता गेमचा डबा कुठी आहे?" खुशालने विचारलं.

"डबाच नाई, बाबा. गेम तिकडं चालते, मुंबईच्या कुठल्यातरी मशिनीवर. तुमच्या घरी फक्त चित्र येते. तुमी बटन दाबलं का ते तिकडं जाते, तिथी गाडी वळते, मंग ते इथी दिसते."

"मंग उशीर नाई होत?"

"पापणी लवते तेवढा. सवय होऊन जाते."

विक्कीने त्याला ट्रकचा गेम लावून दिला. कुठल्यातरी परदेशातले डोंगर, लांबलचक रस्ता, आणि माणूस नावालाही नाही. खुशालला हसू आलं. रात्रभर गाडी, आणि खेळातही गाडीच! पण इथला रस्ता गोल फिरून परत येत नव्हता, पुढेच जात होता. ओतायला माती नव्हती. तासभर चालवून तो सोफ्यावरच झोपला, आणि कित्येक महिन्यांनी चार तास सलग झोपला.

तरी त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटे. आठ वर्षांपूर्वी विक्कीसाठी त्याने गेमचा डबा आणला होता तेव्हा घर कसं भरून जायचं! ओळीतली सगळी पोरं फरशीवर बसायची, कोपराला कोपर लागायचं, डबा तव्यासारखा तापायचा, चकतीवर ओरखडा पडला की सगळे तिच्यावर फुंकर मारायचे. आता घरात काही तापत नव्हतं. खेळ कुठल्यातरी थंड खोलीत, दूर, कोणाच्याच नसलेल्या मशिनीत चालला होता. जिथे सोडला तिथून तो मोबाइलवरही पुढे सुरू व्हायचा. सोय मोठी होती, पण शेजारी कोणाचं कोपर नव्हतं.

डब्याची ती आठवण खुशाल फार वेळ जवळ ठेवत नसे.

नवव्या दिवशी त्याने गेम लावला, तर ट्रक जागेवर नव्हता. आदल्या दुपारी तो एका पेट्रोल पंपावर उभा केला होता. आज तो तीनशे किलोमीटर पुढे, एका घाटाच्या माथ्यावर उभा होता. इंडिकेटर चालू होता.

"विक्की, तू खेळला काय माझ्या गाडीवर?"

"मी काऊन खेळू? ऑफिसमधून मले डोळे वर करायले टाइम नाई." थोड्या वेळाने त्याचाच फोन परत आला. "बाबा, मी पाहून घेतलं. तुमच्याच घरच्या टीव्हीवरून चाललं आहे. आज सकाळी सहा वाजता."

सकाळी सहा वाजता खुशाल खाणीच्या तळाशी, कोळसा भरणाऱ्या शॉवेलच्या पुढे रांगेत उभा होता आणि घराला कुलूप होतं. विक्कीने पासवर्ड बदलला. खुशालने हँडल टेबलावर ठेवून दिलं. थकलेल्या माणसाला घाबरायलाही जोर लागतो.

त्याच दुपारी त्याला झोपेत इंजिनाचा आवाज आला. बाहेर शेहेचाळीस डिग्री ऊन होतं, वीज जाऊन-येऊन होती, आणि त्या क्षणी ती नसल्याने कूलर थांबलेला, तरी टीव्ही चालू होता. हँडल टेबलावर पडलेलं. पडद्यावर ट्रक चालला होता.

खुशाल उठला नाही. पडल्या पडल्या बघत राहिला. जो कोणी चालवत होता, तो उत्तम चालवत होता. चढावर घाई नाही, उतारावर ब्रेकला लटकणं नाही. आंधळं वळण आलं की दोनदा आखूड भोंगा, मग श्वासभर थांबायचं, मगच वळायचं. खोलीत मोहाच्या वाळलेल्या फुलांचा गोडसर वास भरला होता. तसा भोंगा देणारा आणि खिशात मोहाची फुलं ठेवून चघळणारा एकच माणूस त्याने पाहिला होता.

"सुकलूभाऊ...?"

ट्रकचा वेग कमी झाला. डावा इंडिकेटर लागला. गाडी हळूच रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

सुकलू कुरखेड्याच्या पुढच्या जंगलातल्या गावचा. खुशालला डंपर त्यानेच शिकवला. आठ वर्षांपूर्वी एका सोमवारी खुशालची दुसरी पाळी होती, आणि विक्कीच्या वाढदिवसाला गेमचा डबा आणायला त्याला नागपूरला जायचं होतं. सुकलू म्हणाला होता, "जा रे, लेकराची पेटी घेऊन ये. मी चालवतो तुझी गाडी." दुपारी चारच्या सुमाराला खाणीतली माती ओततात त्या डंपवर मागे घेताना कडा खचली आणि गाडी साठ फूट खाली गेली. खुशाल तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसमध्ये होता. पाळी बदलल्याचं कागदावर कुठेच नव्हतं. त्यानेही कोणाला सांगितलं नाही, तेव्हा कॉलनीतच राहणाऱ्या सुकलूच्या बायकोला, बुधरीलाही नाही. मातीला जायचं धाडस त्याला झालं नव्हतं. पुढे तर नाहीच.

त्या दुपारपासून खुशालने गेम बंद केला नाही. कामावरून यायचा, आंघोळ करायचा, भात खायचा आणि सोफ्यावर बसायचा. कधी तो चालवायचा, कधी सुकलू. खुशालचा हात दमला की हँडल आपोआप हलकं व्हायचं आणि गाडी वळण घ्यायची. खुशाल बोलत राहायचा. कांताचे गुडघे, विक्कीची नोकरी, खाण बंद होणार असल्याची बातमी. उत्तरादाखल दोन भोंगे यायचे.

झोप पुन्हा गेली होती, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. इतक्या वर्षांनी शेजारी कोणीतरी होतं.

एकदा कांताचा फोन आला. बोलता बोलता ती थांबली.

"तुमच्या मागं कोण बोलून राह्यलं?"

"टीव्ही आहे."

"टीव्ही गोंडी बोलते काय?"

खुशालने टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर फक्त रस्ता होता आणि इंजिनाची घरघर.

"काय बोलून राह्यलं?" त्याने हळूच विचारलं.

"मले कुठी गोंडी येते... पण काहीतरी विचारून राह्यलं. एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. तुमी बरे आहे ना जी?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी पडद्यावर पाटी आली. विक्कीने फोनवर समजावलं, "तो गेम आजच काढून टाकून राह्यले, बाबा. कंपनीचा करार संपला. यात आपलं काही नसते. ते ठेवतील तोवर खेळायचं."

"आणि आतमधलं? माझी गाडी?"

"सगळं जाते. दुसरा गेम लावून देतो ना."

त्या दुपारी खुशाल टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसला. ट्रक एका मोकळ्या माळावर उभा होता, इंजिन चालू.

"सुकलूभाऊ, आज हे बंद होते." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "पुन्हा पुन्हा तेच विचारून राह्यले ना तुमी? ती पाळी माझी होती. तुमी माझ्या जागेवर गेले. मी कोणाले सांगितलं नाई... आता तुमी इथी राहू नका. घरी जा. बुधरीवहिनी वाट पाहून राह्यली असेल."

मग गिअर पडल्याचा आवाज आला.

ट्रक डांबरी रस्ता सोडून लाल मातीच्या वाटेवर उतरला. अशी वाट त्या खेळात खुशालने कधी पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना साग, मग बांबू, मग मोहाची झाडं. परदेशातले डोंगर मागे राहिले. वाट अरुंद होत गेली, आणि ट्रक थांबून मागे वळला. रिव्हर्सचा पों... पों... सुरू झाला. सुकलू गाडी नेहमी मागे घेऊनच लावायचा.

खुशालने आरशात पाहिलं. पडद्यावरच्या त्या छोट्या आरशात शेणाने सारवलेलं अंगण दिसत होतं, मातीचं घर, आणि अंगणात खाट. खाटेवर सहा-सात वर्षांची एक पोर गाढ झोपली होती.

"भाऊ, मागं पाहा... भाऊ, पोरगी आहे!"

ट्रक मागे जात राहिला. पोर त्याच्या पश्चात जन्मलेली दिसत होती, सुकलूने ती कधी पाहिलेली नसणार. अंगणात ती असेल हे त्याला ठाऊक कुठलं?

खुशालने हँडल उचललं आणि ब्रेकचं बटन अंगठ्याने दाबून धरलं. काही झालं नाही. दाबलेलं इथून जायचं होतं, तिथे पोचायचं होतं, मग गाडी थांबायची होती. पों... पों... खाट आरशात मोठी होत गेली. पोरीच्या पायातला काळा दोरा दिसायला लागला. आणि चित्र गोठलं. मधोमध एक पांढरं वर्तुळ फिरायला लागलं. खुशालने अंगठा काढला नाही. वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग काळ्या पडद्यावर अक्षरं आली. हा गेम आता उपलब्ध नाही.

ब्रेक लागला की नाही, हे त्याला कळलं नाही.

अकरा दिवस त्याने काढले. रजा मिळाली त्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघाला. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी. दुपारी कुरखेडा. पुढे एका सहा आसनी गाडीने आणि मग पायी. डंपर काय, बैलगाडीसुद्धा जेमतेम जाईल अशी वाट होती. दोन्ही बाजूंना साग, मग बांबू. मोहाची झाडं लागली तेव्हा खुशालने वाट ओळखली.

तेच अंगण. तेच घर. खाट नव्हती.

बुधरी दारात मोह निवडत बसली होती. केस सगळे पांढरे. तिने त्याला ओळखलं, पाणी दिलं. खुशालने उभ्यानेच सगळं सांगितलं. पाळीचं, डब्याचं, आठ वर्षांचं. गेमचं मात्र सांगू शकला नाही. बुधरीने मान खाली घालून ऐकलं.

"मले माहीत होतं, बाबू," ती म्हणाली. "त्यानं सकाळीच सांगितलं होतं, खुशालची गाडी नेतो म्हणून. मी वाट पाहत होती, तू कधी सांगशील."

खुशाल अंगणातच खाली बसला. ती रडली नाही, त्याच्यावर ओरडलीही नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आता आलाच आहेस तं एक गोष्ट पाहून दे. तू मशिनीतला माणूस."

तिने अंगणाच्या कडेला नेलं. तिथे चाकाची खूण होती, एकाच चाकाची. दीड हात रुंद, खोल नक्षीची, सारवणात रुतलेली. डंपरचं टायर खुशालने डोळे मिटून ओळखलं असतं. खूण कुठून येत नव्हती, कुंपणाच्या आतच अंगणात सुरू होत होती.

"महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी भोंग्यासारखं वाजलं," बुधरी म्हणाली. "नात, मंगली, खाटेवर झोपून होती. बाहेर येऊन पाहतो तं हे. खाटेपासून हातभर दूर."

"म्हणजे थांबली..." खुशालच्या तोंडून निघालं. "थांबली ना, वहिनी?"

"कुठी थांबली?" बुधरीचा आवाज एकदम खाली आला. "तीनदा सारवलं, वर येते. आन् रोज हातभर पुढं सरकते. खाट तिकडं नेली, तं ही तिकडं वळली. आता मंगलीले घरातच निजवतो."

खुशालने पाहिलं. खूण अंगणातून अर्धगोल वळून दाराकडे आली होती. उंबरठा वीतभर राहिला होता. आतून मंगलीचा काहीतरी गुणगुणल्याचा आवाज येत होता.

त्याने बांबूची एक काडी घेतली आणि खुणेच्या टोकाला आडवी ठेवली. बुधरीने चहा ठेवला. तो पिताना खुशालचा उजवा अंगठा ब्रेकवर असावा तसा मांडीवर दाबलेलाच होता, नख पांढरं पडेपर्यंत.

चहा संपवून तो परत खुणेपाशी आला. काडी मोडली नव्हती. ती चाकाच्या नक्षीखाली, मातीत सपाट दाबली गेली होती, आणि खूण तिच्या बोटभर पुढे होती. त्याने हात लावून पाहिला. माती गरम होती, आणि हाताखाली अगदी हळू, चालू इंजिनासारखी थरथरत होती.