माशांचा आडवा हात

तिसऱ्या टाकीतले मासे म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात खात्यापित्या घरचे. आणि मे महिन्यातल्या त्या दुपारी नेमके तेच धापा टाकत होते. शेजारच्या दोन टाक्यांतले मासे मजेत गोल गोल फिरत होते, आणि हे बिचारे पाण्याच्या वर तोंडं काढून, जीव मुठीत धरून उभे. माशांना कुठली मूठ म्हणा!

आमच्याकडचे म्हणजे माझ्या आत्याआजीकडचे. आत्याआजी ही माझ्या बाबांची आत्या, डॉक्टर मंदाकिनी दाभोळे. माशांनी काय खावं आणि किती खावं, याचा तिने आयुष्यभर अभ्यास केला. चिखलदऱ्याच्या पठारावर तिचं मत्स्यकेंद्र आहे. तिथे सूर्याच्या विजेवर चालणारं यंत्र पाणी थंड ठेवतं, आणि त्या पाण्यात इंद्रधनुषी ट्राउट वाढतात. हा मासा मूळचा थंडगार ओढ्यांतला. अंगावर बारीक ठिपके आणि कुशीवर गुलाबी पट्टा. "विदर्भात ट्राउट? आता वाळवंटात पेंग्विन पाळा!" असं म्हणून लोक आत्याआजीला हसले होते. ती आपलं काम करत राहिली. मासे वाढले, तेव्हा लोक आपोआप गप्प झाले. मला तिचं हेच फार आवडतं.

तिसऱ्या टाकीतले मासे तर तिच्या जिवाचा तुकडा होते. बाहेरून आणलेले नव्हेत, इथेच अंड्यातून निघालेले. इथल्या पाण्याला सरावलेले. येत्या थंडीत त्यांनी अंडी दिली, की इथेच जन्मलेल्या आईबापांची, ट्राउटची पहिली वऱ्हाडी पिढी सुरू होणार होती. ते गेले तर सगळं पहिल्यापासून. त्यांतली सर्वांत मोठी मादी म्हणजे थोरली. तिच्या शेपटीचा एक कोपरा तुटका होता, त्यामुळे ती मला लगेच ओळखू यायची. त्या दुपारी थोरली एका कुशीवर कलली होती.

"पाहाय बरं, कसे तोंडं वासून राह्यले!" गजूकाका हळहळले. पहिल्या दोन टाक्यांना खाऊ घालायचं काम त्यांचं. "भुकेले असतीन बिचारे."

"भुकेले? आणि माझ्या पंगतीत?" तिसऱ्या टाकीजवळून आवाज आला. "अशक्य!"

हा पंगतदादा. पंगतदादा हा चार हातांचा यंत्रमानव. अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात तो वाढपी होता. कार्यालयाने नवे यंत्रमानव घेतले, तेव्हा आत्याआजीने त्याला तिसऱ्या टाकीवर वाढायला इकडे आणलं. त्याच्या छातीवर कुठल्याशा लग्नातला कुंकवाचा डाग अजून आहे, आणि तो पुसू देत नाही. एका हातात खाद्याची बादली, दुसऱ्यात ओगराळं, आणि बोलणं इतकं अदबीचं की आपल्यालाच ओशाळायला होतं.

इतक्यात आत्याआजी यंत्रघरातून धावत आली. धावत म्हणजे खरंच धावत, सत्तरीच्या वयात.

"थंड करणारं यंत्र अर्धंच चालतंय," ती म्हणाली. "पाणी तापलंय. मैथिली, प्राणवायू मोजायचं यंत्र दे."

मी दिलं. तिने ते तिसऱ्या टाकीत बुडवलं, आणि तिचा चेहरा पडला. आत्याआजीचा चेहरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला भीतीच वाटली.

तिने प्राणवायूची नळी टाकीत सोडली. बुडबुड्यांचा पडदा वर चढू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोड्याची बाटली थंड असली की वायू आत राहतो. गरम झाली की?"

"फस्सकन उडून जातो."

"पाण्यातल्या प्राणवायूचंही तसंच. पाणी तापलं की तो कमी मावतो. मासा हाच विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी (डोक्याच्या बाजूच्या, झाकणाखालच्या लाल झालरींनी) शोषून घेतो. आता दुसरी गोष्ट. जेवण पचवायलाही प्राणवायू लागतो. ट्राउट मांसाहारी आहे. भात-पोळीसारखं पिठूळ अन्न त्याला फारसं पचत नाही. म्हणून त्याच्या दाण्यात भरपूर प्रथिनं (शरीर घडवणारा अन्नातला भाग) आणि तेल असतं. असं जड जेवण झालं की कित्येक तास त्याची प्राणवायूची गरज वाढलेली राहते."

"म्हणजे पाणी तापलं की हवा कमी, आणि जेवलं की गरज जास्त?"

"शाबास. म्हणून पाणी तापलं की मी खाद्य कमी करायला सांगते. फारच तापलं तर बंद. उपाशी ट्राउट काही दिवस सहज काढतो. पोट भरलेला ट्राउट गरम पाण्यात तासभरही काढेल याची खात्री नाही."

"मी त् सकायपासून एक मूठ बी नाही टाकली," गजूकाका म्हणाले. "पाणी तापलं का हात आखडता घ्या, असं तुम्हीच सांगतलं होतं, बाई."

"पंगतदादा, तू?"

"तुमच्या खाद्याच्या तक्त्याप्रमाणेच वाढलं, बाईसाहेब. तक्त्यात आज चतकोर वाढप होतं. चतकोरच वाढलं. एक दाणा जास्त नाही."

पंगतदादा खोटं बोलू शकत नाही. त्याला तसं बनवलेलंच नाही. आत्याआजी कपाळाला हात लावून उभी राहिली. नुसत्या चतकोराने एवढं व्हायला नको होतं. तिन्ही टाक्यांना पाणी एकाच नळाने येतं. गरमही सारखंच. खाद्यही एकाच पोत्यातलं. मग एकाच टाकीवर ही पाळी का?

"जे जे सारखं आहे, ते बाजूला काढ," आत्याआजी मला नेहमी सांगते. "जे उरेल, तिथे बघ."

मी बाजूला काढत गेले. पाणी, गरमी, पोतं. उरला फक्त वाढणारा.

मी टाकीच्या काठावर पोटावर झोपले आणि खाली पाहिलं. तळाशी तपकिरी दाण्यांचा थर साचला होता. कुणीही न खाल्लेला! वर सगळी तोंडं उघडी, आणि खाली अन्न तसंच पडून. भुकेला जीव असं करेल का? ते खायला मागत नव्हतेच. ते श्वास मागत होते.

आणि तेवढ्यात माझ्या कानाशी अत्यंत अदबीने शब्द आले, "घ्या हो, थोडंसंच. लाजू नका. आमच्या आग्रहाखातर!" आणि ओगराळंभर दाणे थोरलीच्या तोंडासमोर पडले.

"पंगतदादा! आत्ता तू काय वाढलंस?"

"वाढलं नाही, ताई. आग्रह केला."

"तो मोजत नाहीस?"

"आग्रह कुणी मोजतं का?" तो खरोखरच दुखावला. "पाहुण्याचं तोंड उघडं दिसलं की आग्रह करायचा. त्याने पानावर हात आडवा धरला की थांबायचं. मला असंच शिकवलंय. सकाळपासून मी वाट बघतोय, पण यांच्यातल्या एकानेही हात आडवा धरला नाही."

मग आत्याआजी अगदी हळू म्हणाली, "अरे देवा. माशांना हात कुठे असतात?"

मी काठावरून वाकले आणि पाण्यावर माझा हात आडवा धरला. कोपरापर्यंत बाही भिजली. पंगतदादाचे चारही हात जागच्या जागी थांबले.

"बरं," तो नम्रपणे म्हणाला. "निदान ताक तरी?"

"काही नको," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण थोरली आता जवळजवळ आडवी झाली होती.

पुढचं काम आत्याआजीने असं केलं की बघत राहावं. ना आरडाओरडा, ना कुणावर राग. गजूकाकांनी जाड नळीने तळाचे दाणे ओढून काढले, कारण न खाल्लेलं अन्न कुजतं आणि कुजतानाही प्राणवायू खातं. आत्याआजीने ताज्या पाण्याचा नळ मोठा केला. माशांनी पचवलेल्या प्रथिनांतून अमोनिया (कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा विषारी कचरा) तयार होतो, तोही त्या पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला. मग ती यंत्र दुरुस्त करायला गेली, आणि मी थोरलीकडे बघत बसले. पंगतदादा माझ्या शेजारी उभा होता.

"माझ्या हातून पाहुण्यांना त्रास झाला," तो एकदाच म्हणाला.

संध्याकाळी यंत्र पुन्हा घुमू लागलं. पाणी हळूहळू निवलं. वरची तोंडं एक एक करून खाली गेली. शेवटी थोरलीने तुटक्या शेपटीचा एक फटकारा मारला, सरळ झाली आणि मला साफ भिजवून तळाशी निघून गेली. इतका आनंद मला वाढदिवसालाही झालेला नाही.

"याले पाठवून द्या आता वापस," गजूकाका पंगतदादाकडे बघत म्हणाले.

"छे," आत्याआजी म्हणाली. "याच्याइतक्या मनापासून कोण वाढतं? त्याला फक्त पाहुण्यांची भाषा शिकवू या."

तिने त्याला आणखी एक डोळा बसवला, पाण्याखालचा. आता तो उघड्या तोंडांकडे पाहून वाढत नाही. तळाशी दाणा पडला, प्राणवायू उतरला, पाणी तापलं, की माशांनी हात आडवा धरला असं तो समजतो. आग्रहाचा प्रत्येक दाणाही मोजतो. दाणे कशाचे बनतात तेही आत्याआजीने त्याला सांगितलं. मंगल कार्यालयांतलं उरलेलं अन्न एका काळ्या माशीच्या अळ्यांना घालतात. त्या अळ्या वाळवून दळतात, त्यात शेवाळाचं तेल मिसळतात आणि दाणे पाडतात. त्यामुळे ट्राउटसाठी समुद्रातले इवले मासे फार मारावे लागत नाहीत.

"म्हणजे माझ्याच पंगतीतलं उरलेलं!" पंगतदादा हरखून गेला.

होळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. थोरलीने थंडीत अंडी दिली होती. त्यांतून निघालेली पिल्लं आता एका उथळ तबकात पोहत होती, माझ्या नखाएवढाली, आणि शेकड्यांनी. पोटाखालची पिवळी पिशवी (अंड्यातून बरोबर आणलेली शिदोरी) संपत आली होती. आज त्यांचं पहिलं जेवण होतं. आत्याआजी म्हणाली, पुढच्या वर्षी यांतली काही तोरणमाळला जातील, काही आणखी कुठे. जिथे सूर्याची वीज आणि थोडंसं पाणी आहे, तिथे जातील.

पंगतदादाने चार हातांपैकी एकाच हाताच्या दोन बोटांनी चिमूटभर भुकटी घेतली आणि पाण्यावर भुरभुरली. पिल्लं वर झेपावली. मग तो थांबला, आणि वाकून तळाकडे बघत राहिला.

"अजून वाढ की," मी मुद्दाम म्हटलं. "तोंडं बघ कशी उघडी आहेत!"

"थांबा, ताई," तो म्हणाला. "त्यांना नको म्हणता येत नाही. म्हणून आपणच नीट बघायचं."

तळ स्वच्छ होता. एक कणसुद्धा उरला नव्हता. तेव्हा कुठे त्याने दुसरी चिमूट उचलली.