हिरव्या गवताखालची आग

"आई गं! भाजलं!" देहेन एका पायावर उड्या मारू लागला.

"सुट्टी लागल्यापासून तुझी नाटकंच चालली आहेत!" रुसी चुलतभावावर खेकसली. तिचा जीव टांगणीला लागला होता. रबराच्या बागा जळत होत्या, आणि पेरणीआधी शेत जाळताना आजोबांनीच ही आग लावली, असं सांगत पाम तेलाच्या झाडांच्या मळ्याचा मुकादम पोलीस घेऊन आला होता. दुपारच्या बोटीने आजोबांना नेणार होते!

पण देहेनचा तळवा खरंच लाल झाला होता. रुसीने गवतात काठी खुपसली. भोकातून धूर आला!

"आग खालून चाललीये!" ती ओरडली.

इथली जमीन म्हणजे युगानुयुगं साचलेला, कुजलेला पालापाचोळा. ओली असेल तोवर गरीब. वाळली की आतल्या आत धुमसते.

दोघं दर दहा पावलांवर काठी खुपसत निघाली. आजोबांच्या शेताभोवती गावाने मिळून साफ केलेला रुंद पट्टा होता. शेत जाळताना सगळे शेजारी तिथे पाण्याचे डबे घेऊन उभे होते. पट्ट्यातली माती गारच होती. धुराची वाट गेली उलट दिशेला, मळ्याच्या कालव्यापाशी. जमीन सुकवायला खोदलेल्या त्या कालव्याकाठी जळक्या बुंध्यांचा ढीग होता!

मुलांनी फौजदार, मुकादम, सरपंच, आजोबा अशा सगळ्यांना तिथे ओढत आणलं.

"आमच्या हद्दीत काडीसुद्धा पेटलेली नाही!" मुकादम गरजला.

"मग बूट काढून उभे राहा ना, काका!" रुसी म्हणाली. "गवत किती हिरवं आहे!"

मुकादम जागचा हलला नाही.

"काढा की! मोज्यांना भोकं आहेत का?" देहेनने डिवचलं.

फौजदार वाकले, जमिनीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"मालकांना विचारून सांगतो," असं पुटपुटत मुकादम बोटीत बसला. त्याला कोणी अडवलं नाही.

"शाब्बास पोरांनो!" सरपंचांनी पाठ थोपटली. "आजोबांना सोडवलंत!"

"आणि आग?" रुसीने विचारलं.

फौजदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. सरपंच आभाळाकडे बघू लागले. पावसाला अजून दोन महिने होते.

"चला," खोकत आजोबा म्हणाले, "डबे घ्या. आपल्यालाच विझवायची आहे."